एकच गोळी

निवृत्तीमामांवर अन्याय झाला तो बुधवारी, पोळ्यानंतरच्या तिसऱ्या दिवशी, सकाळी सव्वाअकराला. जागा: एका दवाखान्यातली औषधं देण्याची खिडकी. त्यांच्या हातातल्या चिठ्ठीवर महिनाभराच्या गोळ्या लिहिलेल्या होत्या, रोज दोन. खिडकीतून हातात पडली एक. वेळ मला नेमकी माहीत आहे, कारण चिठ्ठीच्या मागं मशीनचा शिक्का आहे. दवाखान्याचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही म्हणाल, तिथला कारभारच तसला, आमच्याकडं असं होत नाही. तुमच्याकडंही होतं.

मला पत्रकं लिहायची सवय आहे. पत्रकात माणूस एका ओळीत बसवतात. 'कळंब येथील मटणविक्रेते, वय बासष्ट.' ही ओळ मी लिहून पाहिली. तिच्यात मामा बसत नाहीत.

मामांचं दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. पत्र्याचं छप्पर, चिंचेचा ओंडका, वर टांगलेली तागडी. नाव निवृत्ती आणि धंदा सुरीचा, यावर येणारा-जाणारा एकदा तरी विनोद करायचाच. मामा म्हणायचे, "आईबापानं नाव ठेवलं तवा इचारलं न्हाय, धंदा कोणता करणार म्हणून."

त्यांची एक सवय सगळ्या कळंबला ठाऊक होती. कुणी कलेजी मागितली की ते ती लगेच तागडीत टाकत नसत. आधी डाव्या तळहातावर घेत, दारातल्या उजेडाकडं धरत आणि उजव्या अंगठ्यानं कडेकडेनं हळू दाबत जात. डोळे कलेजीवर नसत, समोर रस्त्यावर असत. बघणारा अंगठाच. गिऱ्हाईक वैतागायचं.

"मामा, मटण देताय का तपासणी करताय?"

"दोन्ही. तपासणी फुकट हाय."

कधीकधी अंगठा थांबायचा. मग ते कलेजी उलटी करून दाखवायचे. आत पाण्यानं भरलेला पांढुरका फुगा असायचा, कधी बोराएवढा, कधी लिंबाएवढा. मेंढ्यांत हे फार असतं. तेवढा फुगा कापून टाकला आणि उरलेली कलेजी विकली तर कुणाला काही कळत नाही. मामा सगळीच बाजूला टाकायचे. बाजूला म्हणजे दुकानाच्या मागं, मोत्याच्या पुढ्यात. मोत्या त्यांचा कुत्रा. ते नुकसान सोसायचे, मोत्याची चंगळ व्हायची.

"कलेजी मुकी जात हाय," ते सांगायचे. "पायात काटा मोडला तर पाय बोंबलतो. दात किडला तर दात बोंबलतो. कलेजी आतून सडून गेली तरी हूं न्हाय का चूं न्हाय. म्हणून चिरायच्या आधी बघायचं."

'चिरायच्या आधी बघायचं' हे वाक्य ते कुणालाही ऐकवायचे. कलिंगड घेणाऱ्याला, पोरीचं स्थळ बघायला निघालेल्याला, एकदा तर मतदानाला निघालेल्या अख्ख्या रांगेला.

मी पाचवीत असताना शाळेत आलेल्या नर्सबाईंनी माझी खालची पापणी ओढून बघितली आणि आईला निरोप पाठवला की मुलीच्या अंगात रक्त नाही, हिला कलेजी खाऊ घाला. वडील एसटीत कंडक्टर होते. मटण महिन्यातून एकदा यायचं. आई मला घेऊन मामांच्या दुकानात गेली आणि थोडीशीच कलेजी मागितली. मामांनी माझ्याकडं बघितलं, स्वतःच माझी पापणी ओढली, त्यांच्या अंगठ्याला रक्ताचा वास होता, आणि म्हणाले, "हिला दर रविवारी पाठवा." तेव्हापासून दर रविवारी एक तुकडा माझा. पुडी ते हातात द्यायचे आणि वरून माझी मूठ मिटवायचे. माझे आजोबा सांगत, त्यांच्या लहानपणी आमच्या लोकांना पुडी हातात मिळत नसे. खाली ठेवायचे, मग उचलायची. मामांना हे मी कधी सांगितलं नाही. त्यांना ठाऊक असावं.

पुढं मी मोठी झाले, कॉलेजात गेले आणि आरोग्य हक्काचं काम करणाऱ्या आमच्या पाचसहा जणांच्या गटात ओढली गेले. दवाखान्यात औषध नाही, डॉक्टर नाही, बाळंतिणीला गाडी नाही, यावर पत्रकं लिहायची, वाटायची, धरणं धरायचं. मामा माझी ओळख करून द्यायचे ती अशी: "ही पत्रकबाई. हिच्या अंगात माझी कलेजी हाय, म्हणून येवढी बोंबलती."

वाटून उरलेली पत्रकं मी त्यांच्या दुकानात नेऊन द्यायचे. ते आतून पान लावायचे आणि बाहेरून माझं पत्रक गुंडाळायचे. छापील बाजू बाहेर, हा नियम. "घरी गेल्यावर बाई पुडी सोडती, तवा वाचती. भितीवर लावलेलं कोण वाचतंय? भितीला कुणी भुकेजून बघत न्हाय." खरं सांगायचं तर आमच्या गटातल्या कुणाहीपेक्षा जास्त पत्रकं मामांनी वाटली. रविवारी, बुधवारी, शुक्रवारी. रक्ताच्या डागासकट.

आणि ते पत्रकं तपासायचेही. कलेजीसारखीच. चष्मा कपाळावर ढकलून, कागद उजेडात धरून.

"'प्रशासनाच्या अक्षम्य अनास्थेचा जाहीर निषेध.' हे काय हाय?"

"म्हणजे त्यांना काही पडलेली नाही, मामा."

"मग तसं लिव की. औषध का न्हाय? येवढंच लिव. मोठ्या अक्षरात. लई मीठ टाकतीस तू. अळणी लिव, लोकं आपली आपण मीठ घालत्यात."

मी रागवायचे आणि घरी जाऊन तसंच करायचे. माझी भाषा त्यांनी सुधारली. कॉलेजातल्या कुणी नाही. हे मी मान्य करते, आणि पुढचं लिहिण्यासाठी ते मान्य करणं भाग आहे.

गेल्या आषाढात शाळांमधून जंताच्या गोळ्या वाटायच्या होत्या. आयाबाया घाबरतात, गोळी खाल्ली की लेकरू आजारी पडतं म्हणतात, पोरं गोळी खिशात घालून घरी आणतात. म्हणून आम्ही पत्रक काढलं. मसुदा मामांना दाखवला. वर होतं: 'जंताची गोळी. एकच गोळी. चावून खा.' खाली बारीक अक्षरात दोन ओळी होत्या: 'ही मात्रा शाळेतल्या मुलांसाठी आहे. दुसऱ्या आजारासाठी हेच औषध दिलं असेल तर किती गोळ्या, किती दिवस, हे डॉक्टरांना विचारून घ्या.'

मामांनी त्या दोन ओळींवर अंगठा ठेवला.

"हे खाली काय मुंग्या सोडल्यास?"

"सूचना आहे, मामा."

"कोण वाचणार? वर येकदम झ्याक हाय. एकच गोळी, चावून खा. पोरगंबी पाठ करंल. खालच्या मुंग्या काढ."

मी मुंग्या काढल्या. पत्रक गाजलं. पोरं रस्त्यानं ओरडत जायची, एकच गोळी, चावून खा. मोठ्या पोरांनी त्याचं वेगळंच काही करून टाकलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही. तीनचार दवाखान्यांनी आमच्याकडून पत्रकं मागून घेतली आणि भिंतीवर लावली.

श्रावणात मटणाला गिऱ्हाईक नसतं. मामा म्हणायचे, सुरीला सुट्टी. त्या सुट्टीत मामींनी त्यांना धरून दवाखान्यात नेलं. मामी म्हणजे सुशीलामामी, त्यांची बायको, कमी बोलणारी. उजव्या बरगडीखाली जड वाटतं असं मामा वर्षभर म्हणत होते आणि वर्षभर ओवा खात होते. सोनोग्राफी झाली. मग मोठ्या शहरातल्या रुग्णालयात पाठवलं. तिथल्या सर्जननी सांगितलं, यकृतात पाण्याचा फुगा आहे, लहान नारळाएवढा. जंताचा आहे. मेंढ्यांच्या यकृतात होतो तोच. कुत्र्यानं तसले फुगे खाल्ले की जंत कुत्र्याच्या पोटात वाढतो, त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, मातीला, हाताला, कुत्र्याच्या केसांना लागतात, आणि तिथून माणसाच्या पोटात जातात.

मामा परत आले ते हसतच. "चाळीस वरसं म्या मेंढ्यांच्या कलेज्या बघितल्या. माझी कुणी बघितली न्हाय. निघाला ना फुगा."

त्या दिवसापासून त्यांनी मोत्याला फुगे टाकणं बंद केलं. दुकानामागं खोल खड्डा खणून घेतला, त्यात टाकायचे, वर चुना आणि माती. मोत्या दोन दिवस रुसून बसला. मामा त्याला म्हणाले, "तुझ्यामुळं न्हाय रं. म्याच तुला खाऊ घातलं." आजूबाजूच्या दुकानदारांनाही त्यांनी सांगितलं. दोघांनी ऐकलं. बाकीचे म्हणाले, मामाला आता डॉक्टर चावलाय.

सर्जननी त्यांना आणखी एक सांगितलं होतं. मामांनी मला ते नीट, जसंच्या तसं सांगितलं, म्हणजे ते त्यांना समजलं होतं. फुगा जिवंत आहे. तसाच काढायला गेलं आणि फुटला, तर आतलं पाणी पोटात पसरतं, अंगाला सोसत नाही, माणूस टेबलावरच जाऊ शकतो, आणि वाचलाच तर त्या पाण्यातून नवे फुगे धरतात. म्हणून आधी औषधानं तो आतल्या आत मारायचा आणि मग काढायचा. चिरताना यकृताला राखायचं ते त्या औषधानं. गोळ्या चिठ्ठीवर लिहिल्यात, तिकडं दवाखान्यात फुकट मिळतील, संपवून या. ऑपरेशन नवरात्रात ठरलं, कारण नवरात्रात दुकान तसंही बंदच असतं.

"बघ, त्यो डॉक्टर माझ्यासारखाच हाय," मामा म्हणाले. "चिरायच्या आधी बघतो."

किती गोळ्या, हे सर्जन बोलले नव्हते. ते चिठ्ठीवर होतं. इंग्रजीत, दोन अक्षरं आणि एक आकडा, मुंगीच्या चालीनं.

मग तो बुधवार. बुधवार म्हणजे मटणाचा वार, श्रावण संपलेला, दुकानात गर्दी. मामा मामींना गल्ल्यावर बसवून दवाखान्यात गेले. पुढचं मी त्यांच्याच तोंडून ऐकलेलं आहे. रांग लांब होती. खिडकीतल्या तरुणानं चिठ्ठी बघितली आणि म्हणाला, "आजोबा, ही जंताची गोळी हाय. लेकरांची." आणि पट्टीतून एक गोळी कात्रीनं कापून पुढं सरकवली.

मामा म्हणाले, "येकच?"

"एकच असते. ते बघा, भिंतीवर लिहिलंय."

मागून कुणीतरी म्हणालं, "आजोबाला जंत झाल्यात." रांग हसली. दुसरा म्हणाला, "मटण लई खाल्लं असंल." रांग पुन्हा हसली. एक बाई म्हणाली, "सरका की ओ, आमची लेकरं तापलीत." मामा सरकले. बासष्ट वर्षांचा माणूस, ज्याला कुणी घाई करून एक तुकडा लवकर कापायला लावलं नव्हतं, तो त्या हसण्यानं खिडकीपासून सरकला.

दुपारी मी दुकानावरून चालले होते. आमचं धरणं होतं. मागणी: सर्व औषधं पूर्ण मात्रेत मिळालीच पाहिजेत. हा विनोद नाही. माझ्या पिशवीत त्याच मागणीची पत्रकं होती. मामांनी सत्तूर हलवून बोलावलं.

"पत्रकबाई, तुझा कागद दवाखान्याच्या भितीवर हाय. खिडकीच्या बाजूलाच. त्या पोरानं बोट दाखवून सांगितलं, एकच गोळी."

मला बरं वाटलं. हे लिहायला हवं. आपलं पत्रक दवाखान्याच्या भिंतीवर आहे आणि त्याच्याकडं बोट दाखवून कुणीतरी बोलतं, हे ऐकून मला बरं वाटलं.

"येकच दिली. बरुबर हाय न्हवं?"

माझ्या कानाला फोन होता. धरण्याच्या ठिकाणी सतरंजी आली नव्हती.

"व्हय मामा, एकच असते," मी म्हणाले.

"मलाबी तेच वाटलं. लेकरांच्या पोटात गुंताच गुंता असतो जंतांचा, त्यो एका गोळीनं मरतो. माझा तर येकच हाय." त्यांनी खिशातून गोळी काढली, तोंडात टाकली आणि सगळ्या गिऱ्हाइकांसमोर कराकरा चावून खाल्ली. "चावून खा," ते म्हणाले. लोक हसले. मीही हसले. आणि गेले.

त्यानंतर महिना होता. गणपती आले, गेले. मी रोज त्या गल्लीतून जात होते. मामा रोज दिसत होते. गोळ्या चालू आहेत का, असं मी एकदाही विचारलं नाही, कारण माझ्या डोक्यात औषध घेऊन झालं होतं. मी स्वतःच तसं सांगितलं होतं. मधे एकदा रक्त तपासायचं होतं. या गोळ्या बरेच दिवस घेतल्या तर यकृताला जड जाऊ शकतात, म्हणून तपासतात. ते मला मागाहून कळलं. एका गोळीसाठी कोण रक्त तपासतं.

पहिल्या माळेला मामा भरती झाले. शहरातल्या रुग्णालयात सिस्टरनी फॉर्म भरून घेतला. मामी जवळ होत्या. सिस्टरनी विचारलं, "गोळ्या घेतल्या का?"

मामा म्हणाले, "व्हय, घेतली."

गोळ्या घेतल्या. गोळी घेतली. सिस्टरनी 'हो'च्या चौकटीत खूण केली. मी छापखान्यात वेलांटी-काना तपासण्यात तासन् तास घालवलेत. एका काना-वेलांटीसाठी कंपोझ करणाऱ्या पोराशी भांडले आहे. इथं तो फरक ऐकणारं कुणी नव्हतं. आमच्याकडं माणूस 'जेवण झालं का' याला जसं 'झालं' म्हणतो, तसं मामा म्हणाले. आणि किती जेवलात, असं कुणी विचारत नाही.

दुसऱ्या माळेला ऑपरेशन झालं. फुगा काढताना फुटला. आतलं पाणी जिवंत होतं. मामांचा रक्तदाब एकदम खाली गेला. डॉक्टरांनी खटपट करून वर आणला, पण तेवढ्या वेळात यकृताला रक्त पुरं पडलं नाही.

मी तिसऱ्या माळेला पोचले. काचेच्या खोलीत एकेकाला सोडत होते. मामांचे डोळे हळदीसारखे झाले होते. मला ओळखलं. आवाज फार खोल गेला होता.

"फुगा निघाला का?"

"निघाला मामा."

"मोत्याला न्हाय ना टाकला?"

"नाही."

"खड्ड्यात टाकाय सांग," ते म्हणाले आणि डोळे मिटले. त्यांनी हातात हात घेतला नाही, आशीर्वाद दिला नाही, काही नाही. फुग्याची चौकशी केली. मला ते त्यांच्यासारखंच वाटलं.

पाचव्या माळेला दुपारी ते गेले. बाहेर रस्त्यावरून तुळजापूरची ज्योत घेऊन पोरं पळत चालली होती, संबळ वाजत होता.

सर्जननी मामींना आणि मला बसवून घेतलं. माणूस वाईट नव्हता. थकलेला होता. त्यांनी कागद चाळले आणि विचारलं, "गोळ्या महिनाभर नीट घेतल्या होत्या ना? आतलं सगळं जिवंत कसं राहिलं, तेच कळत नाही. कधीकधी राहतं. पण एवढं नाही. किती घेतल्या होत्या?"

मामींनी एक बोट वर केलं.

सर्जन त्या बोटाकडं बघत राहिले. त्यांना वाटलं, एक महिना. मान हलवली. मामी म्हणाल्या, "एक गोळी." मग सर्जननी पेन खाली ठेवलं.

मला तेव्हा रडू आलं नाही. अजून आलेलं नाही. चार महिने झाले. डोक्यानं त्या क्षणी एकच काम केलं, माझं वाक्य काढून समोर ठेवलं, माझ्याच आवाजात. व्हय मामा, एकच असते. त्यानंतर आत काही हलत नाही. जेवते, झोपते, सभांना जाते. मुकी जात.

पूर्ण गोळ्या घेतल्या असत्या तर मामा जगलेच असते, असं मी लिहिणार नाही. सर्जननी तसं सांगितलं नाही. ते म्हणाले, वाचण्याची शक्यता बरीच होती. मी पत्रकात नेहमी 'बळी घेतला' असं लिहीत आले. इथं ते लिहिता येत नाही, कारण बळी घेणाऱ्यांच्या यादीत मी कुठं बसते ते मला ठरवता आलेलं नाही.

तक्रार मात्र मी केली. लेखी. उत्तर आलं, 'संबंधित रुग्णास सदर औषध देण्यात आलेले आहे.' वाक्य खरं आहे. त्यात खोटं काहीच नाही. मग मी खिडकीतल्या तरुणाला जाऊन भेटले. कंत्राटावर होता. त्याला मामा आठवत नव्हते. मी सांगितल्यावर त्याचा चेहरा उतरला. "ताई, ती गोळी आमच्याकडं शाळेसाठीच येते. एकच द्यायची असं सांगितलेलं. मोठ्या माणसाला महिनाभर देतात हे मला माहीतच नव्हतं. चिठ्ठी नीट बघायला हवी होती." मग म्हणाला, "पण तुमचंच पत्रक..." बरा मुलगा होता. त्याला नोकरीवरून काढावं अशी मागणी मी केली नाही. सर्जननी आकडा मराठीत लिहायला हवा, ही मागणी केली आहे. औषधाचं मूळ कारण चिठ्ठीवर लिहिलं गेलं पाहिजे, ही केली आहे. भरती करताना 'किती घेतल्या' हे विचारलं पाहिजे, ही केली आहे. उत्तरं आलेली नाहीत.

मामी महिन्यानं घरी आल्या. हातात पत्रकांचा गठ्ठा होता, दुकानात उरलेला. वरच्या पत्रकाची घडी वेगळी होती, चौकोनी, खिशात राहून मऊ पडलेली. आत कात्रीनं कापलेला पट्टीचा रिकामा तुकडा, एका गोळीचा.

"त्यांच्या सदऱ्यात व्हतं," मामी म्हणाल्या. "ह्यात लिवलंय तसंच केलं त्यांनी."

"मामी, ते मी लिहिलं होतं."

"ठाव हाय की. म्हणून तर ऐकलं."

त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर मला काहीतरी बोलता आलं असतं. त्यांनी चहा घेतला, कप स्वतः विसळून ठेवला, आणि मोत्याला भाकरी टाकायची आहे म्हणून गेल्या.

त्या पत्रकाची नवी आवृत्ती मी काढली आहे. मुंग्या वर आहेत, सगळ्यात मोठ्या अक्षरात. मामांना आवडली नसती. लई लांब, म्हणाले असते. भिंतीवरचं जुनं पत्रक मी स्वतः जाऊन फाडलं. इतर दवाखान्यांतली दोन अजून राहिली आहेत.

हे तुम्ही वाचताय म्हणजे तुमच्याही घरात कुठंतरी औषधाची एक चिठ्ठी आहे. डब्यावर, कॅलेंडरच्या खिळ्याला, देवळीत. आत्ता उठा आणि ती काढा. त्यावर तीन गोष्टी मराठीत लिहिलेल्या आहेत का बघा: किती, किती दिवस, कशासाठी. नसतील तर उद्या त्या खिडकीवर जा आणि लिहून घ्या. लिहून मिळेपर्यंत सरकू नका. तुमची पाळी झाली असं कुणी सांगितलं तरी सरकू नका.

आणि तुम्ही त्या रांगेत मागं उभे असाल, पुढचा म्हातारा 'येकच?' असं विचारत असेल, तर हसू नका. त्याला दुसऱ्यांदा विचारू द्या.